पाण्याला म्हटलेल्या कविता

मावशीच्या गल्लीत पाणी एका कवितेइतकं यायचं.

मी गडमुडशिंगीची. बारावीनंतर कॉलेजसाठी कोल्हापुरात मावशीकडे राहायला आले. पहिल्याच दिवशी पहाटे तिनं मला हलवून उठवलं. ‘‘ऊठ ग, आण्णा आल्यात. मी पिंप धुतो, तू नळाखाली घागर लाव.’’ मी डोळे चोळत बाहेर आले. गल्लीच्या तोंडाशी एक उंच, जरा वाकलेले गृहस्थ उभे होते. खाकी शर्ट, कानांवरून बांधलेला मफलर, हातात छातीपर्यंत येणारी लोखंडी चावी. रस्त्यातल्या खड्ड्यावरचं झाकण पायानं सरकवून त्यांनी ती आत घातली आणि दोन्ही हातांनी फिरवली. नळातून आधी हवा आली, मग पाणी. आणि त्या गृहस्थांनी डोळे मिटून मोठ्यानं कविता म्हणायला सुरुवात केली.

मला वाटलं, माणूस बरा नसावा.

‘‘तसं काय न्हाय,’’ मावशी म्हणाली. ‘‘चारदा म्हणत्यात. चौथ्यांदा संपली की पाणी बंद. तू ऐकत बसू नको, भर.’’

आण्णा महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात कामाला होते. पेठेतल्या अठरा गल्ल्यांचे व्हॉल्व्ह त्यांच्याकडे. आज नऊ, उद्या नऊ. मनगटावर घड्याळ होतं, पण ते बंद पडलेलं. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं म्हणून बांधायचे. वेळ मोजायला कविता. प्रत्येक गल्लीला एक ठरलेली, एरवी चारदा, उन्हाळ्यात टाकीत पाणी कमी असलं की तीनदा. साहेबांनी एकदा त्यांना मोबाइलवर अलार्म लावायला सांगितला होता म्हणे. दोन गल्ल्यांतून तक्रारी गेल्या. बायकांना अलार्मवर पिंप भरायची सवय नव्हती.

‘‘आण्णा, आज पावणं आल्यात घरात. पाचव्यांदा म्हणा की.’’

‘‘पाचव्यांदा म्हटली की कविता इटती.’’

‘‘इटू द्या. आमचं पिंप तरी भरंल!’’

ते हसत नसत. चावी उलटी फिरवत, झाकण लावत, खांद्यावर चावी टाकून पुढच्या गल्लीला निघत. आमच्या गल्लीतली एक लहान मुलगी शाळेत कविता म्हणायला उभी राहिली, तेव्हा तिनं पुस्तकातली सोडून आण्णांची म्हटली. बाईंनी विचारलं, कुठली ग ही? ती म्हणाली, आमच्या पाण्याची.

माझे वडील कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात कंत्राटावर आहेत, आई दोन म्हशी सांभाळते. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजला कुणी गेलेलं नाही. कविता म्हणजे पुस्तकात छापलेली आणि परीक्षेत विचारलेली, एवढंच मला ठाऊक होतं. कुणी कविता अंगावर बाळगून रस्त्यानं चालतं, हे मी आण्णांमुळं पहिल्यांदा पाहिलं. त्यामुळं पुढं मी जे सांगणार आहे, त्यात मला थोडं जास्तच भारावल्यासारखं वाटत असेल तर ते खरंच आहे.

आण्णा कविता कधी लिहून ठेवत नसत. ‘‘कागदावर ठेवलं की डोकं आळशी हुतंय,’’ म्हणायचे. दुसऱ्यांच्या कवितांबद्दल त्यांचं बोलणं फार वाईट. एकानं त्यांना स्वतःची तीन ओळींची कविता ऐकवली, तर म्हणाले, ‘‘ह्यात तांब्याबी भरायचा न्हाय, पावणं.’’ एका बाईंची प्रेमकविता ऐकून म्हणाले, ‘‘दोन बादल्या हाय, पण एका बादलीला भोक हाय.’’ माझीही एक कविता मी त्यांना भीत भीत ऐकवली होती, प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागं लिहिलेली. ते बराच वेळ चावीवर हनुवटी टेकून उभे राहिले. मग म्हणाले, ‘‘दीड बादली. पण पाणी गोडं हाय.’’ त्या दिवशी मी कॉलेजात कुणाशी बोलले नाही. बोललं तर ते सांडेल असं वाटत होतं.

आता मंडळांचं सांगते. पेठेत कवींची दोन मंडळं होती. फार पूर्वी एकच होतं. ते एका कोजागरीच्या कार्यक्रमात फुटलं, आणि कारण असं की, सगळ्यात शेवटी कविता कुणी म्हणायची. शेवटचा कवी मोठा, असा रिवाज. एका बाजूनं आण्णांचं नाव आलं, दुसऱ्या बाजूनं सरांचं. सर म्हणजे हायस्कूलचे मराठीचे निवृत्त शिक्षक, मुक्तछंदात लांब लांब कविता लिहिणारे. त्या रात्री दोघांनाही शेवटी म्हणायचं होतं, म्हणून दोघंही उठेनात. दूध आटलं, गार झालं, लोक घरी गेले. तेव्हापासून सरांचं मंडळ वाचनालयात भरायचं आणि आण्णांचं तालमीच्या माडीवर. दोन्ही शनिवारी, संध्याकाळी पाच वाजताच. एकाला दोन्हीकडं जाता येऊ नये म्हणून. आण्णांनी सरांच्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही अशी शपथ घेतली होती, आणि सरांनी आण्णांचं नाव तोंडानं घेणं सोडलं होतं. ‘ते पाणीवाले’ म्हणायचे.

दोघं एक होत ते फक्त बाहेरचा कवी आला की. एकदा पुण्याहून एक मोठे कवी आले होते. दोन्ही मंडळं पहिल्या दोन रांगांत मांडीला मांडी लावून बसली. पाहुणे भाषणात म्हणाले की इथल्या काही ज्येष्ठांच्या कविता मागच्या एका संमेलनात ऐकल्या, आणि सरांचं नाव घेऊन म्हणाले, ही कविता नाही, हे वर्णन आहे. सर त्या दिवशी तापानं घरी होते. आण्णा उठले.

‘‘पावणं, जरा ऐका. त्याची कविता लांब हाय, रटाळ हाय, सगळं कबूल. पण तिला नावं ठिवायची असली तर हितं येऊन वीस वर्सं ऱ्हावा. मग ठिवा. तवर आमी हाय की नावं ठिवायला.’’

पाहुण्यांना आधी कळलंच नाही की हे सरांच्या बाजूनं बोलताहेत की विरुद्ध. मलाही कळलं नव्हतं.

मी सरांच्या मंडळात होते, कारण माझ्या मराठीच्या मॅडम तिथं जात. तिसऱ्या का चौथ्या शनिवारी सरांनी त्यांची जाड वही उघडली आणि माळावरची कविता वाचली. त्यांची आई माळावर गोवऱ्या वेचायला जायची, त्या कवितेत ती सांजेला घरी येते. मी दोन ओळी ऐकल्या आणि मला घागर दिसली. ही तर आमच्या गल्लीची कविता. आमचं पाणी!

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आण्णांना हळूच विचारलं, ‘‘आण्णा, तुम्ही म्हणता ती कविता सरांची आहे?’’

‘‘कोण सर?’’

‘‘वाचनालयातले.’’

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मागं सरले. ‘‘गप पाणी भर,’’ म्हणाले. मी गप पाणी भरलं, आणि कुणाला काही सांगितलं नाही. पण मग मी इतर गल्ल्यांतल्या कविता कान देऊन ऐकल्या. सगळ्या लांब होत्या. सगळ्या मुक्तछंदात होत्या.

त्या वर्षी पावसाळ्यात पंचगंगा शहरात शिरली. सरांचं घर नदीच्या बाजूला, खालच्या अंगाला. बोटीतून माणसं काढली, सरांना आणि त्यांच्या बायकोला, काकूंनाही काढलं. वह्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात होत्या. पाणी कपाटाच्या डोक्यावरून गेलं. पूर ओसरल्यावर आम्ही चिखल काढायला गेलो, तेव्हा काकूंनी एका घमेल्यात काहीतरी आणून दाखवलं. भिजलेल्या पिठासारखा लगदा होता. त्यात निळी शाई दिसत होती, अक्षर एकही नाही. सरांनी पुस्तक कधी काढलं नव्हतं. अजून पिकली नाही, अजून पिकली नाही, असं म्हणत चाळीस वर्षं त्यांनी वहीतच ठेवल्या होत्या. आणि सर नेहमी वाचूनच दाखवत. त्यांना स्वतःची एकही कविता पाठ नव्हती.

‘‘पुढ्यात आली तर ओळखेन,’’ ते म्हणाले. ‘‘बोलावली तर येत नाही.’’

पुढच्या शनिवारी वाचनालयात ते उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘मी मंडळातून नाव कमी करतोय. ज्याच्याकडं कविता नाही तो कवी कसला? मी कधी लिहितच नव्हतो असं समजा.’’ मी भिंतीशी बसले होते. मला मोठ्यांत बोलायची सवय नाही, पण तोंडातून निघून गेलं.

‘‘सर, माळाची कविता मला पाठ आहे.’’

‘‘तुला कशी?’’

‘‘आमच्या गल्लीत पाण्याला असते.’’

मी सगळं सांगितलं. सर खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. मग एवढंच विचारलं, ‘‘किती आहेत त्याच्याकडं?’’ ते त्यांचं मागायचं बोलणं होतं. त्यापुढं ते गेले नसते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आण्णांकडं मीच गेले.

‘‘त्यानं मागितल्यात?’’

‘‘नाही. मी मागते.’’

‘‘मग देतो. पर त्येला सांगायचं न्हाय, मी दिल्या म्हणून.’’

‘‘त्यांना कळणारच की, आण्णा.’’

‘‘कळू दे. सांगायचं न्हाय.’’

आम्ही मावशीच्या ओट्यावर बसलो, मी वही उघडली, आणि आण्णांना एक ओळ आठवेना. घाम फुटला त्यांना. दोनदा पाणी प्यायले. मग उठून म्हणाले, ‘‘अशी बसून येत न्हाय ती. उद्या पाचला ये.’’

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर गल्ल्या फिरले. झाकण सरकवायचं, चावी घालायची, फिरवायची. पाणी सुटलं की कविता सुटायची. पहिल्यांदा म्हणत तेव्हा मी ऐकायची, दुसऱ्यांदा लिहायची, तिसऱ्यांदा तपासायची, चौथ्यांदा पुन्हा नुसती ऐकायची. वडाखालच्या गल्लीत सरांच्या शाळेची कविता, चर्चमागच्या गल्लीत त्यांच्या भावाच्या मरणाची, पिठाच्या गिरणीपाशी ऊसतोडीची. एका गल्लीतली कविता दुसऱ्या गल्लीत म्हणा म्हटलं तर त्यांना म्हणता येत नसे. अठरा गल्ल्या, अठरा कविता. सरांच्या छोट्या कविता पाण्याच्या कामाच्या नव्हत्या, त्या सगळ्या पुरात गेल्या.

‘‘पण आण्णा, तुम्हाला ह्या मिळाल्या कुठून? मंडळ तर फुटलेलं.’’

ते चावी खांद्यावर घेऊन पुढं चालत होते. ‘‘वाचनालयाच्या कोपऱ्यावर एक व्हॉल्व्ह हाय. शनवारी सांजंला बंद करायला लागतोय. आणि त्येचा आवाज मोठा, खिडकीतनं रस्त्यावर येतोय. मी काय कानात बोळं घालू?’’

तालमीतल्या त्यांच्या मंडळाची एक जुनी तक्रार मला आठवली. आण्णा दर शनिवारी अर्धा तास उशिरा येतात.

लिहिलेल्या कविता मी दुपारी सरांकडं नेत असे. घराच्या भिंतीवर पुराची रेघ माणसाच्या डोक्याच्याही हातभर वर होती. सर एक एक पान वाचत, आणि वाचताना त्यांचा चेहरा असा होई, जसा एखादी हरवलेली म्हैस आपली आपण गोठ्यात आली की माझ्या आईचा होतो. शेवटी माळाची कविता आली. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. सर वाचत वाचत थांबले. मागं गेले, पुन्हा वाचलं.

‘‘ह्या चार ओळी माझ्या नाहीत.’’

कवितेत असं होतं:

माळावरून परतताना आई
मागं वळून पाहत नसे.
तिच्या मागं माळच यायचा चालत,
कुसळं झटकत, दम खात,
उंबऱ्यापाशी थांबून विचारायचा,
आत येऊ का?
तिला ओढ असे चुलीची.

‘‘ह्या मधल्या चार,’’ सर म्हणाले. ‘‘मागं वळून पाहत नसे, आणि लगेच चुलीची ओढ. मी असं लिहिलं होतं. ह्या ओळी माझ्या असत्या तर मी विसरलो नसतो.’’ त्यांनी पान खाली ठेवलं. ‘‘चांगल्या आहेत. पण माझ्या नाहीत. त्याला विचार, माझ्या आईच्या मागं हे कुणी धाडलं?’’

आण्णांनी आधी साफ कानांवर हात ठेवले. त्याच्याच तोंडून ऐकल्यात, म्हणाले. मी तिथंच उभी राहिले. ते झाकण लावत होते; दोनदा वाकडं लावलं.

‘‘तुमच्या गल्लीला चढ हाय,’’ शेवटी म्हणाले. ‘‘वर टोकाला म्हातारी आक्का एकटी ऱ्हाते. तिच्या नळाला पाणी सगळ्यात मागनं चढतंय. तुझ्या सरांची कविता चारदा म्हटली तरी तिची घागर निम्मीच. पाचव्यांदा म्हणावी तर पुढच्या गल्लीचं पाणी तुटतंय. मग काय करू? घातल्या चार ओळी. चारदा म्हटल्यावर सोळा झाल्या. घागर भरती.’’

‘‘मग सरांना सांगू?’’

‘‘काय सांगणार? त्येच्या कवितेत मी हात घातला म्हणून? सांगू नको. काढून टाक त्या. पुस्तकात काय पाणी भरायचं न्हाय कुणाला.’’

मी ते सांगितलं. मी चूक केली की बरोबर, अजून ठरवता येत नाही. पण सरांनी माझ्याकडं बघून विचारलं होतं आणि मला खोटं बोलता आलं नाही. सर ऐकून म्हणाले, त्या ओळी राहतील, पण खाली त्याचं नाव पाहिजे. मी निरोप नेला. आण्णा कडाडले, ‘‘माझं नाव त्येच्या पुस्तकात? मेलो तरी न्हाय!’’ मी निरोप आणला. सर म्हणाले, मग ही कविताच नको. आणि ही नसेल तर पुस्तक नको, बाकीच्या सतरा ह्या एकीच्या पाठी उभ्या आहेत. त्यांनी कागद गोळा करून माझ्या हातात दिले. ‘‘तुझ्याकडं ठेव.’’

अठरा गल्ल्यांतून चालत आलेल्या कविता पुन्हा पिशवीत गेल्या. मला रडू येत होतं आणि दोघांचा रागही येत होता. तो राग मी मावशीपाशी काढला. मावशी भांडी घासत म्हणाली, ‘‘त्या मास्तराला म्हणावं, एकदा येऊन पाणी भरून बघा.’’

ती सहज बोलली होती. मी मात्र ते जसंच्या तसं सरांना सांगितलं.

चार दिवसांनी, आमच्या गल्लीच्या पाळीला, पहाटे साडेपाचला सर आले. स्वेटर, काठी, पायात चिखलात टिकलेल्या जुन्या चपला. आण्णांनी त्यांना पाहिलं आणि न पाहिल्यासारखं झाकण सरकवलं. सर व्हॉल्व्हपाशी थांबले नाहीत. काठी टेकत चढ चढून वर आक्कांच्या दाराशी गेले आणि नळाखालच्या घागरीजवळ उभे राहिले. आक्का म्हणाल्या, ‘‘कोण पावणं?’’ सर म्हणाले, ‘‘पाणी बघायला आलोय.’’

खाली चावी फिरली. गल्लीत नळ वाजू लागले, आक्कांचा कोरडाच होता. आण्णा म्हणू लागले. त्यांचा आवाज त्या दिवशी सुरुवातीला चिरकला, मग लागला. सरांनी स्वतःची कविता दुसऱ्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मी त्यांच्या शेजारी उभी होते. पहिल्यांदा झाली, दुसऱ्यांदा झाली, तेव्हा नळातून धार सुरू झाली. तिसऱ्यांदा घागर अर्धी. चौथ्यांदा त्या चार ओळी आल्या तेव्हा सर वाकून घागरीच्या गळ्याकडं बघत होते. ‘आत येऊ का’ म्हणताना पाणी काठाला लागलं.

सर खाली उतरले. आण्णा चावी काढत होते.

‘‘तिसऱ्या कडव्यात ‘सांज’ आहे. तू ‘सांजवेळ’ म्हणतोस,’’ सर म्हणाले.

‘‘तितं तुझी ओळ लंगडी हुती.’’

‘‘लंगडी असू दे. माझी आहे.’’

‘‘बरं. सांज.’’

‘‘नाव घालत नाही तुझं. त्या चार ओळींच्या आधी आणि नंतर एक एक ओळ मोकळी सोडतो. चालेल?’’

आण्णांनी झाकण पायानं सारलं. मग मान हलवली. आज ते पुस्तक माझ्यासमोर आहे. त्या दोन मोकळ्या जागा छापखान्याची चूक आहे असं अनेकांना वाटतं. दोन्ही मंडळं अजून शनिवारी पाचलाच भरतात.

पण त्या सकाळचं अजून संपलं नव्हतं. सर जायला निघाले आणि परत वळले.

‘‘तू स्वतःची का म्हणत नाहीस रे पाण्याला? तू तर ठेक्यात रचतोस. मोजायला बरी पडली असती.’’

हा प्रश्न मलाही इतके दिवस पडला होता, पण विचारायचा धीर झाला नव्हता. आण्णांनी चावी भिंतीला टेकवली. मफलर सोडला, पुन्हा बांधला.

‘‘सुरवातीला म्हटली की. दोन म्हैने म्हटली. पर माझी म्हणताना मी घाई करतोय. लोकास्नी पटकन आवडावी म्हणून पळवतोय तिला. सगळ्या गल्लीची पिंपं निम्मी ऱ्हायला लागली. तुझी म्हणताना कसली घाई? आवडली तर तुला, न्हाय आवडली तर तुला. निवांत म्हणता येती.’’

सर समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसले, काठी मांडीवर आडवी ठेवली.

‘‘म्हण,’’ ते म्हणाले.

‘‘आता? पाणी बंद झालंय.’’

‘‘म्हणूनच म्हण.’’

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं, मग रिकाम्या रस्त्याकडं. आणि म्हणू लागले. पहिल्या दिवशी साहेबानं हातात चावी दिली, त्याची कविता होती. ‘माझ्या हातात दिली साहेबानं अख्ख्या पेठेची तहान, आणि म्हणाला, घट्ट धर.’ खरंच ते पळत होते. दुसऱ्या कडव्यात दमच लागला. सरांनी हात वर केला. ‘‘हळू.’’ आण्णांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा हात वर. ‘‘हळू रे. कुणीही उठून जात नाही.’’

तिसऱ्यांदा ते सरांच्या कविता म्हणायचे तसे, डोळे मिटून, एक एक शब्द जमिनीवर ठेवत म्हणू लागले. तो आवाज सगळ्या गल्लीच्या ओळखीचा होता. दारं उघडली. मावशी कळशी घेऊन बाहेर आली, शेजारची बादली घेऊन आली, आणि वरून आक्कांनी हाक मारली, ‘‘आण्णा, परत पाणी सोडलंय काय?’’

आण्णा थांबले. मी त्यांना लाजताना पहिल्यांदा पाहिलं.

‘‘न्हाय आक्का, पाणी न्हाय,’’ ते म्हणाले. ‘‘ही माझी हाय.’’

बायका कळश्या, बादल्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. आण्णांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.